राखीव निधी मोडून बेलिझला मासेमारीला जावं का?

प्रश्न असा आहे. वाचक ५३ वर्षांचे, नोकरीत आहेत. वीस वर्षं नदी-तलावांत फ्लाय रॉडने, म्हणजे गळाला खोटी माशी (फ्लाय) लावून ती लांब फेकायच्या काठीने, मासेमारी करतात. बेलिझमधल्या टर्नेफ या प्रवाळद्वीपावर एका फिशिंग लॉजमध्ये सात रात्री राहून सहा दिवस बोनफिश आणि परमिट या माशांच्या मागे जायचं त्यांचं जुनं स्वप्न आहे. लॉजचा नेहमीचा दर माणशी ४,८०० अमेरिकी डॉलर. सप्टेंबरमध्ये आलात तर ३,९००, पण पूर्ण रक्कम दहा दिवसांत भरायची आणि ती कुठल्याही कारणाने परत मिळणार नाही. राखीव निधीत ११,००० डॉलर आहेत, घरखर्च महिना २,२००, शिल्लक महिना ५५०, आणि मार्चमध्ये २,१०० बोनसची अपेक्षा आहे. मेहुणे सोबत येतील असं "म्हणालेत". वाचक विचारतात, "निधीतून भरतो आणि बोनस धरून दहा महिन्यांत परत टाकतो. एवढी सवलत सोडू का?"

सोडा. पण बेलिझ सोडू नका, हे आधीच सांगते, कारण तुमच्या पत्राच्या शेवटी "नाहीतर राहूनच जाईल" हे वाक्य आहे आणि ते वाचून मला वाईट वाटलं. ५३ व्या वर्षी दिवसभर उन्हात बोटीवर उभं राहता येतं, लाटेत तोल सांभाळता येतो. हे वय जाऊ द्यायचं नाही. म्हणून मी फक्त नकार देत नाही, तारीख काढून देते.

आधी तुमची बेरीज बघू. पॅकेज ३,९००, विमान १,६००, सामान २,१००, असे ७,६०० तुम्ही धरलेत. त्यात चार गोष्टी नाहीत. पहिली म्हणजे टिप. फिशिंग लॉजमध्ये गाईड आणि कर्मचाऱ्यांची टिप पॅकेजमध्ये बहुधा नसते आणि ती रोख द्यावी लागते. मी पॅकेजच्या १५ टक्के बाजूला ठेवायला सांगते, म्हणजे ५८५. दुसरी, प्रवासाचा विमा, ३०० धरा. तिसरी, येता-जाता एकेक रात्र विमानतळाजवळ, ३००. चौथी, कर आणि परवाना. बेलिझमध्ये निवासावर ९ टक्के हॉटेल कर आहे, आणि दरपत्रकाच्या तळाशी "कर वेगळे" असं बारीक अक्षरात आहे, ते तुम्हीच पाठवलेल्या कागदावर मला दिसलं. शिवाय खेळ म्हणून मासेमारी करायलाही परवाना काढावा लागतो. दोन्ही मिळून ३५०. झाले १,५३५. म्हणजे खरा आकडा ९,१३५.

आता मेहुणे. दर "माणशी" लिहिलाय तो दोघांनी एक खोली आणि एक बोट वाटून घेण्याचा आहे. एकटे गेलात तर गाईड आणि बोट तुमच्या एकट्याच्या खर्चात, आणि त्याचे १,४०० जादा असं त्याच कागदावर आहे. मेहुणे "म्हणालेत" यात त्यांनी पैसे भरलेत असं काही नाही. ते शेवटच्या आठवड्यात गळाले तर तुमचा खर्च १०,५३५ होतो आणि राखीव निधीत उरतात ४६५ डॉलर. घरखर्चाच्या हिशेबाने सहा दिवस. मग दहा महिने घरातल्या कुणीही आजारी पडायचं नाही, छप्पर गळायचं नाही आणि नोकरी तशीच राहायची, असं धरून तुम्ही चालणार. निधी परत भरायला घेतलेला तुमचा बोनसही अजून आलेला नाही. राखीव निधी ज्या कारणासाठी ठेवलाय त्यात मासेमारी बसत नाही, मग ती कितीही आवडती असो.

सप्टेंबर स्वस्त का आहे, तेही बघा. अटलांटिकमधला चक्रीवादळांचा हंगाम १ जून ते ३० नोव्हेंबर. त्याचं शिखर साधारण १० सप्टेंबरच्या आसपास असतं. बेलिझला या वादळांचा चांगलाच इतिहास आहे. १९६१ च्या ऑक्टोबरअखेरीस हॅटी वादळाने बेलिझ सिटी उद्ध्वस्त केली, तेव्हा देशाने राजधानीच किनाऱ्यापासून आत हलवायची ठरवली. आजची राजधानी बेलमोपान त्यातून उभी राहिली. अलीकडचं बघायचं तर २०१६ च्या ऑगस्टमध्ये अर्ल, २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये लिसा, दोन्ही बेलिझ सिटीच्या जवळपासच धडकली. टर्नेफ तर त्या शहरासमोरच, उघड्या समुद्रात. दरवर्षी वादळ येतंच असं नाही, आणि सप्टेंबरचा आठवडा छान जाऊही शकतो. पण ९०० डॉलरची सूट घेऊन तुम्ही वादळाचा अख्खा धोका लॉजकडून स्वतःकडे घेताय, तोही परत न मिळणाऱ्या पैशांवर. तो सौदा मला महाग वाटतो. वादळ आलंच नाही तरी रोज दुपारी पाऊस, ढगाळ आभाळ आणि गढूळ पाणी मिळू शकतं, आणि उथळ पाण्यात मासा डोळ्यांनी दिसला तरच त्याच्यासमोर गळ टाकता येतो.

माझा पर्याय पुढच्या वर्षी मेअखेरीचा आहे. बोनफिश टर्नेफला बारा महिने असतो. परमिटसाठी वसंत चांगला मानतात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी मोठे टार्पन मासेही यायला लागतात. शिवाय वादळांचा हंगाम सुरू व्हायच्या आत तुम्ही परत येता. खर्च असा: पॅकेज ४,८००, विमान १,६००, टिप ७२०, विमा ३००, वाटेतल्या दोन रात्री ३००, कर-परवाना ३५०, आणि सामान ६००. बेरीज ८,६७०. जूनपासून मेपर्यंत बारा महिने ५५० टाकले तर ६,६०० होतात, त्यात बोनसचे २,१०० धरून ८,७००. काठावर आहे, पण जमतं, आणि निधीतल्या ११,००० ला हातही लागत नाही.

काठावर आहे म्हणूनच पैसे भरण्याचा क्रम पाळायचा. सगळ्यात आधी व्हिसा. तुमचं विमान अमेरिकेत बदलणार आहे आणि तिथे विमानतळाबाहेर पाऊल न टाकता नुसतं विमान बदलायचं असलं तरी बहुतेकांना व्हिसा किंवा व्हिसामाफीची ऑनलाइन मंजुरी लागते. ती हातात नसताना लॉजला एक डॉलरही पाठवू नका. माझ्याकडे आलेल्या एका जोडप्याची सगळी अनामत अशीच गेली, मुलाखतीची तारीखच सहलीनंतरची मिळाली होती. बेलिझचे प्रवेशाचे नियम तुमच्या पासपोर्टसाठी काय आहेत तेही त्याच वेळी बघून घ्या.

व्हिसा झाला की नोव्हेंबरअखेरीस पॅकेजची निम्मी रक्कम अनामत म्हणून, २,४००. तोवर तुमचे ३,३०० जमलेले असतील. अनामत भरताना लॉजकडून एक गोष्ट लेखी घ्या: आलो नाही तर ही रक्कम पुढच्या हंगामाला वळती करता येईल. फोनवरचं "हो हो, बघू" चालणार नाही, ईमेल हवी. ते लिहून द्यायला तयार नसतील तर दुसरं लॉज बघा. विमा लगेच त्याच आठवड्यात घ्या, कारण आधीपासूनच्या आजारांचं संरक्षण अनेक पॉलिसींत तेवढ्या लवकर घेतलं तरच मिळतं. विम्यात आजारी पडल्यास हॉस्पिटलपर्यंत हलवण्याचा खर्च (मेडिकल इव्हॅक्युएशन) आहे ना, हे शब्दशः तपासा. टर्नेफवर हॉस्पिटल नाही, आणि हातात रुतलेल्या गळापासून छातीत दुखण्यापर्यंत कशासाठीही समुद्र ओलांडून मुख्य भूमीवर यावं लागतं. पुढे कधी वादळाच्या दिवसांत जाणार असाल तर हेही लक्षात असू द्या, वादळाला नाव पडल्यानंतर घेतलेला विमा त्या वादळाचे पैसे देत नाही.

विमानाचं तिकीट बोनस खात्यात जमा झाल्यावरच. मार्चअखेरपर्यंत तुमच्याकडे ५,५०० अधिक २,१००, म्हणजे ७,६०० आलेले असतील. त्यातून अनामत, विमा, सामान आणि तिकीट मिळून ४,९०० गेले तरी २,७०० राहतात आणि लॉजचे उरलेले २,४०० त्यातून निघतात. एप्रिल-मेच्या ११०० मधून टिप आणि वाटेतला खर्च. बोनस आला नाही, तर तिकीट काढू नका, ती लेखी ईमेल वापरा आणि त्यापुढच्या वसंतात जा. तेव्हा बोनसशिवायही पैसे पुरतील.

सामानाच्या यादीबद्दल जरा जास्त बोलते, कारण २,१०० चे ६०० मी तिथे केलेत आणि तुम्हाला ते खटकणार. तुमच्या यादीत तीन नवे रॉड आहेत. बोनफिशला आठ नंबरचा रॉड लागतो आणि तो तुमच्याकडे आहे. परमिटचा दहा नंबरचा आणि टार्पनचा बारा नंबरचा रॉड बहुतेक लॉज वापरायला देतात, फुकट किंवा थोड्या भाड्याने. आत्ता ईमेलमध्ये तेही विचारा. पैसे घालायचे ते चार ठिकाणी: उष्ण पाण्यासाठी बनवलेली लाईन, कारण थंड पाण्याची लाईन तिथल्या उन्हात मऊ पडून गुंतते. तांबूस काचेचा पोलराइज्ड चष्मा, कारण त्याशिवाय पाण्याखालचं दिसत नाही. प्रवाळावर चालायचे जाड तळाचे बूट. आणि लांब बाह्यांचा उन्हाचा शर्ट. रील तुमचं गोड्या पाण्यातलं आहे असं लिहिलंत, त्याचा ब्रेक खाऱ्या पाण्यात टिकणार नाही. लॉजच्या रॉडबरोबर रीलही येतं का ते विचारा. खोट्या माश्या गाईडला विचारून तिथेच घेतल्या तर निम्म्या उगाच घेणं वाचतं.

आणि सराव, ज्याला पैसे लागत नाहीत. सहा वर्षांपूर्वी मी नवऱ्याबरोबर कॅरिबियनमधल्याच एका लॉजवर होते. गाईड मागच्या फळीवर उभा राहून लांब काठीने बोट ढकलत होता, पाणी गुडघाभर, तळाची वाळू स्वच्छ दिसत होती. तो हळूच म्हणाला, "अकरा वाजता, पन्नास फूट, तुमच्याकडेच येतोय." (अकरा वाजता म्हणजे घड्याळातल्या अकराच्या दिशेला, समोर जरा डावीकडे.) मला आधी काहीच दिसलं नाही, मग एक काळी शेपटी कोयत्यासारखी पाण्याबाहेर आली. परमिट. नवऱ्याने लाईन उचलली, वारा उजवीकडून होता, पहिला फेक तीस फुटांवर पडला, दुसऱ्याला लाईन पायाच्या घोट्याभोवती गुंतली. शेपटी वळली आणि गेली. तो सगळा प्रकार दहा-बारा सेकंदांचा असेल. त्या आठवड्यात तीन परमिट समोर आले आणि तिन्ही असेच गेले. संध्याकाळी गाईड फार नम्रपणे म्हणाला की घरून येताना वाऱ्यात पन्नास फुटांचा सराव करून यायला हवं होतं. त्या सहलीला आमचे दोन वर्षांचे साठवलेले पैसे गेले होते.

म्हणून सांगते, मोकळ्या मैदानात पन्नास फुटांवर एक कडी ठेवा, आठवड्यातून तीनदा अर्धा तास, आणि मुद्दाम वाऱ्याच्या दिवशी. खोटे फेक, म्हणजे लाईन खाली न टाकता हवेतच पुढेमागे फिरवणं, दोनच; तिसऱ्याला माशी कडीत. बारा महिने हातात आहेत. त्या ९०० डॉलरच्या सवलतीपेक्षा हे मला मोलाचं वाटतं.

दोन-तीन लहान गोष्टी. बेलिझचा डॉलर अमेरिकी डॉलरला दोनास एक असा बांधलेला आहे आणि दोन्ही तिथे चालतात, त्यामुळे कुणी "शंभर डॉलर" म्हटलं की कुठले ते विचारा. उत्तरात दुपटीचा फरक आहे. कार्डाने पैसे देताना मशीनने तुमच्या चलनात रूपांतर करायचं विचारलं तर नको म्हणा, स्थानिक चलनात द्या. टिपेच्या नोटा लहान घ्या, घरूनच. बोनफिश, परमिट आणि टार्पन २००९ पासून कायद्यानेच पकडून सोडायचे आहेत, तेव्हा मासा घरी आणायच्या पेटीचा विचार यादीतून काढा. मलेरियाची काळजी तुमच्या पत्नींनी केलीय असं लिहिलंत. जागतिक आरोग्य संघटनेने जून २०२३ मध्ये बेलिझ मलेरियामुक्त जाहीर केला आहे. डेंग्यूचे डास मात्र आहेत आणि ते दिवसाही चावतात, तेव्हा पूर्ण कपडे आणि मलम लागेलच.

आज रात्री दोनच कामं करा. लॉजला लिहा की सप्टेंबर जमणार नाही, मेअखेरीचा शेवटचा आठवडा हवाय, आणि अनामत वळती करण्याची अट, रॉड-रील आणि कर यांची लेखी उत्तरं द्या. आणि मेहुण्यांना फोन करून सांगा की नोव्हेंबरमध्ये त्यांचेही २,४०० लागतील. ते काय म्हणतात ते मला कळवा. ते नाही म्हणाले तर १,४०० जादा कुठून काढायचे याचं गणित मी वेगळं मांडून देईन.