बडतर्फ की बरखास्त?

विचारणा अशी: ‘फिनलंडचे गृहमंत्री युर्यो लेइनो यांना 1948 साली राष्ट्राध्यक्ष पासिकिवी यांनी बरखास्त केले’ हे मराठी बरोबर आहे का?

अजिबात नाही. माणूस बडतर्फ होतो, सभा बरखास्त होते. पण हिंदीच्या नादाने आपल्या वाहिन्यांवर हवालदारसुद्धा ‘बरखास्त’ होऊ लागलाय, जणू तो ग्रामसभाच!

फारसीत ‘बर’ म्हणजे वर आणि ‘खास्त’ म्हणजे उठला. सभा बरखास्त, म्हणजे मंडळी उठली. लेइनो तर उठायलाच तयार नव्हते. एप्रिल 1945 मध्ये महायुद्धातल्या विजेत्या दोस्त राष्ट्रांच्या, फिनलंडवर देखरेख ठेवणाऱ्या नियंत्रण आयोगाने मागितली म्हणून त्यांनी काही माणसं, त्यांत फिनिश नागरिकही, पकडून सोव्हिएत संघाच्या हवाली केली. मे 1948 मध्ये त्यावरून संसदेने अविश्वास दाखवला, तरी हे कम्युनिस्ट गृहस्थ खुर्ची सोडीनात. शेवटी 22 मे रोजी पासिकिवींनीच त्यांना काढलं. (1945 मध्ये पंतप्रधान हेच पासिकिवी होते, पण ते असो.)

हे झालं ‘बर-तरफ’, म्हणजे बाजूला करणं. हीच तरफ तरफदारीत आहे, ‘च्या तर्फे’मध्ये आहे, सातबाऱ्यावरच्या गावांच्या नावांतही आहे. मग ‘बर’चा ‘बड’ कसा झाला? इथे ‘बडा’ आणून चिकटवणाऱ्या पंडितांना कोपरापासून नमस्कार. शिपाई बडतर्फ होतो तेव्हा त्यात बडं काय असतं? माझं म्हणणं असं की ‘बरतर्फ’मध्ये दोन र येतात, जीभ अडखळते, म्हणून पहिल्याचा ड झाला. बरखास्त, बरबाद यांत दुसरा र नाही, तिथे पहिला शाबूत राहिला. कुणाला पटो न पटो.

‘पदच्युत’ लिहा म्हणणारेही भेटतात. च्युत म्हणजे गळलेला. पिकलं पान गळतं. ढकलणारा हात या शब्दात कुठे आहे? फिनिशमध्ये हा घोळ नाही. आपण निघालो तर ‘एरोता’, दुसऱ्याने काढलं तर ‘एरोत्ता’. मूळ शब्द ‘एरो’, म्हणजे वेगळं होणं. घटस्फोटालाही तोच चालतो, आणि लेइनोंचा तोही पुढे झाला. त्यांच्या पत्नी हेर्टा कूसिनेन याही कम्युनिस्ट पुढारी. नवऱ्याचं मंत्रिपद गेलं त्याच मे महिन्यात त्या मंत्रिमंडळात आल्या, बिनखात्याच्या मंत्री म्हणून.

आता यातलं ‘खातं’ कुठून आलं, ते विचारलंत तर सांगेन.