मानके बदलत असताना चिपचा काही भाग प्रोग्रॅमेबल ठेवणे परवडते का?

तुम्ही विचारले आहे की, संदेशवहनाची आणि सुरक्षिततेची मानके दर काही वर्षांनी बदलत असताना चिपमध्ये थोडे प्रोग्रॅमेबल, म्हणजे चिप बनल्यानंतरही बदलता येणारे, लॉजिक ठेवावे, की पूर्ण स्थिर चिप बनवून गरज पडेल तेव्हा नवी बनवावी. तुमच्या मार्गदर्शकांच्या मते पहिला मार्ग म्हणजे न येणाऱ्या पाहुण्यासाठी शिजवलेला भात आहे. जवळजवळ हेच मत मी २०१३ साली सोलापुरात, अक्कलकोट रोड एमआयडीसीतील आमच्या शेडमध्ये ऐकले होते आणि त्याची किंमतही मोजली होती, म्हणून हे उत्तर लिहीत आहे.

माझे थोरले चुलत बंधू, ज्यांना घरात सगळे अण्णा म्हणतात, आणि मी, असे आम्ही दोघे टॉवेल-चादरीच्या मागांवरील इलेक्ट्रॉनिक जॅकार्डसाठी, म्हणजे कापडात नक्षी उतरवणाऱ्या यंत्रणेसाठी, नियंत्रक कार्डे बनवत होतो. पूर्वी छिद्रांचे पुठ्ठे जे काम करत, तेच हे कार्ड करते. प्रत्येक पिकला, म्हणजे आडव्या धाग्याच्या प्रत्येक फेरीला, उभे धागे धरणारा कोणता हुक उचलायचा आणि कोणता नाही, याचे बिट चुंबकांपर्यंत ठरलेल्या क्रमाने पोहोचवते. मी नमुन्याचे कार्ड स्पार्टन-६ मालिकेतील एलएक्स९ या लहान एफपीजीएवर, म्हणजे आतले लॉजिक पुन्हा बदलता येणाऱ्या चिपवर, बनवले होते. अण्णांनी हिशेब मांडला की, ठराविक लॉजिकच्या साध्या आयसी (तयार चिप) वापरल्या तर कार्डामागे ७०० रुपये वाचतात, मागणी ४५ कार्डांची आहे, म्हणजे ३१,५०० रुपये सरळ हातात राहतात. “अण्णा, उद्या यंत्र बदलले तर?” असे मी विचारले. “सोलापुरात माग एकदा बसला की वीस वर्षे हलत नाही,” असे त्यांनी उत्तर दिले. शेड आणि भांडवल त्यांचे होते, त्यामुळे सर्व कार्डे साध्या आयसींवर तयार झाली.

माग खरोखरच हलला नाही, पण त्यावरचे जॅकार्ड बदलले. चौदा महिन्यांच्या आत त्याच कारखानदाराने युरोपातून आलेली जुनी जॅकार्डे त्याच मागांवर चढवली. हुक १,३४४ चे २,६८८ झाले, एका साखळीतून जाणारे बिट आठ साखळ्यांतून मागितले जाऊ लागले, ते क्लॉक या ठेका देणाऱ्या संकेताच्या उलट कडेवर वाचले जाऊ लागले आणि मागाची स्थिती सांगणारे स्पंदही निराळे आले. आमच्या कार्डांवर या सर्व गोष्टी तांब्याच्या रेषांत कोरलेल्या होत्या. ३१ कार्डे परत आली आणि ती आम्ही भंगारात दिली. माझे नमुन्याचे कार्ड मात्र मी घरी नेले, चार रात्री बसून व्हेरिलॉग या लॉजिक मांडण्याच्या भाषेतील वर्णन बदलले, नवी संरचना फ्लॅश स्मृतीमध्ये भरली आणि त्या आठवड्यातच त्या कार्डावर टॉवेलची किनार बिनचूक विणून निघाली. हे शक्य झाले, कारण या एफपीजीएमधील सहा निवेशांची (इनपुटांची) प्रत्येक तालिका (लुक-अप टेबल) म्हणजे ६४ बिटांची स्मृती असते. ते बिट बदलले की तीच तालिका वेगळे लॉजिक फलन बनते, जसा पुठ्ठ्यांचा संच बदलला की त्याच मागावर वेगळी नक्षी उतरते. हे नशीब होते, असे अण्णा आजही लग्नकार्यात चारचौघांत सांगतात. मला ते मान्य नाही; बदल कुठून येईल हे मी आधी ओळखले होते आणि तेवढ्याच जागी लवचीकता ठेवली होती.

आता तुमच्या प्रश्नाकडे येतो. संपूर्ण चिप प्रोग्रॅमेबल करणे बहुतेक वेळा चूक आहे. टोरांटो विद्यापीठातील कुऑन आणि रोझ यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ९० नॅनोमीटरवरील तुलनेत केवळ तालिका आणि फ्लिप-फ्लॉप (एकेक बिट साठवणारे घटक) वापरणाऱ्या एफपीजीएला स्थिर चिपच्या सरासरी ३५ पट सिलिकॉन लागले, वेग तीन ते चार पटींनी कमी पडला आणि गतिज वीज (संकेत बदलताना खर्च होणारी) सुमारे १४ पट लागली. म्हणून मोठ्या चिपमध्ये गणनेचा गाभा स्थिर ठेवून कडेला एफपीजीएचा लहान तुकडा बसवणे, हा मला शहाणपणाचा मार्ग वाटतो. क्वांटम संगणकांपुढे टिकणारी कायबर ही दोन बाजूंनी सामायिक गुपित ठरवण्याची पद्धत पाहा. ऑगस्ट २०२४ मध्ये ती अमेरिकेच्या एनआयएसटी या मानके ठरवणाऱ्या संस्थेने एफआयपीएस २०३ हे मानक म्हणून अंतिम केली, तेव्हा सामायिक गुपित काढण्याच्या पायऱ्या आधीच्या रूपापेक्षा बदलल्या, पण २५६ सहगुणकांच्या बहुपदींचा ३३२९ या संख्येच्या शेषावर चालणारा गुणाकार तसाच राहिला. गुणाकार स्थिर आणि भोवतालच्या पायऱ्या प्रोग्रॅमेबल ठेवणाऱ्याची चिप वाचली असती. सर्वच कोरून टाकणाऱ्याची गत आमच्या ३१ कार्डांसारखी झाली असती.

तुमच्या मार्गदर्शकांना एवढेच विचारा की, त्यांच्या हिशेबात बचतीचा आकडा आहे, तर फेकाव्या लागणाऱ्या मालाचा आकडा कोणत्या रकान्यात आहे. अण्णांच्या वहीत तो रकानाच नव्हता. ३१,५०० रुपये वाचले, ही नोंद मात्र त्या वहीत आजही आहे.

काही गोष्टी मी आधीच सांगायला हव्या होत्या. गाभा कधीच बदलत नाही असे नाही. याच कायबरमध्ये २०१९ पूर्वी ती संख्या ३३२९ नव्हती, ७६८१ होती. ज्या चिपचे उत्पादन लाखांत होते आणि जिचे मानक पूर्ण स्थिरावले आहे, तिच्यासाठी अण्णांचा हिशेब बरोबर ठरतो. प्रोसेसरचा वेग पुरत असेल, तर फर्मवेअर बदलण्याइतके स्वस्त काहीच नाही. शिवाय लॉजिक बदलता आले तरी पिनांवरील विद्युतदाब बदलता येत नाही. माझ्या चार रात्रींपैकी एक रात्र नव्या जॅकार्डला हवे असलेले विभेदी (दोन तारांतील फरकावरून वाचले जाणारे) संकेत देणारी जोडपट्टी बनवण्यात गेली. म्हणून मोकळ्या तालिकांबरोबर मोकळ्या पिनाही राखून ठेवा आणि विकासाची साधने जपून ठेवा. स्पार्टन-६ साठी लागणारे आयएसई हे सॉफ्टवेअर २०१३ च्या १४.७ या आवृत्तीपाशी थांबले आणि त्यानंतरचे विवाडो ही मालिका स्वीकारत नाही, त्यामुळे त्या एका कार्डासाठी मी एक जुना संगणक अजून चालू स्थितीत ठेवला आहे.