नव्या संगणकावर पीएलसीचे सॉफ्टवेअर नेताना

प्रश्न : अंधेरीच्या एमआयडीसीतील आमच्या पॅकेजिंग युनिटमध्ये दोन यंत्रे सीमेन्सच्या एस७-३०० पीएलसीवर (यंत्राचे काम नियंत्रित करणाऱ्या औद्योगिक संगणकावर) आणि एक यंत्र एस७-१२०० वर चालते. स्टेप ७ आणि टीआयए पोर्टल ही पीएलसीचे प्रोग्रॅम लिहिण्याची सॉफ्टवेअर विंडोज ७ च्या जुन्या लॅपटॉपवर आहेत. आता नवा संगणक मंजूर झाला आहे. जुनी डिस्क जशीच्या तशी नव्यावर उतरवून लॅपटॉप भंगारात काढावा, असे संगणक विभागाचे म्हणणे आहे. तसे करावे का?
— मेंटेनन्स अभियंता, अंधेरी (पूर्व)

उत्तर : तसे करू नये. कार्यालयीन फायलींसाठी हा मार्ग ठीक आहे. परंतु सीमेन्सची लायसन्स की कॉपी करता येत नाही, ती ऑटोमेशन लायसन्स मॅनेजर या सीमेन्सच्याच सॉफ्टवेअरमधून हलवावी लागते आणि पेन ड्राइव्हवर गेली की मूळ डिस्कवर राहत नाही. डिस्कची प्रतिमा दुसरीकडे उतरवल्यास सॉफ्टवेअर उघडेलही, पण की चालेल याची खात्री नसते, आणि तोवर जुनी डिस्क फॉरमॅट झालेली असेल तर पैसे मोजून घेतलेले लायसन्स हातचे जाते. म्हणून सर्व लायसन्स की आधी पेन ड्राइव्हवर हलवाव्यात आणि सॉफ्टवेअर नव्या संगणकावर मूळ इन्स्टॉलेशन डिस्कवरूनच नव्याने बसवावे. आपल्या आवृत्त्या नव्या विंडोजवर चालतात का, हे खरेदीपूर्वीच उत्पादकाच्या यादीत पाहून घ्यावे.

याहून नाजूक प्रश्न असा, की लॅपटॉपमधील कोणता प्रोजेक्ट (यंत्राच्या प्रोग्रॅमची जतन केलेली फाइल) खरा? ‘फायनल’, ‘फायनल नवीन’, ‘फायनल चालू’ अशी फोल्डरे बहुतेक कारखान्यांत सापडतात, आणि रात्रपाळीत कोणी थेट सीपीयूत (पीएलसीच्या मुख्य भागात) केलेला बदल त्यांपैकी एकातही नसतो. त्यामुळे जुना लॅपटॉप चालू असतानाच प्रत्येक यंत्राशी ऑनलाइन जोडून सीपीयूतील आणि प्रोजेक्टमधील ब्लॉकची, म्हणजे प्रोग्रॅमच्या भागांची, तुलना करावी आणि जुळणारा प्रोजेक्ट ‘अर्काइव्ह’ करून ठेवावा. सीपीयूतून प्रोग्रॅम वर, म्हणजे संगणकावर, घेता येतोच, मग प्रोजेक्टची काळजी कशाला, असा युक्तिवाद ऐकू येतो. परंतु एस७-३०० मधून वर घेतलेल्या प्रोग्रॅमबरोबर सिम्बॉल (इनपुट-आउटपुटना दिलेली नावे) आणि टिपा येत नाहीत, आणि कोणते इनपुट कोणत्या सेन्सरचे हे वायरिंगच्या नकाशावरून शोधत बसावे लागते.

तुलनेत डेटा ब्लॉकमध्ये (आकडे साठवणाऱ्या ब्लॉकमध्ये) फरक दिसल्यास घाबरू नये, मात्र घाईने प्रोग्रॅम सीपीयूत डाउनलोडही करू नये. ऑपरेटरने पॅनलवरून ठरवलेली सीलिंगची वेळ किंवा तापमान सहसा सीपीयूतील डेटा ब्लॉकमध्ये असते. प्रोजेक्टमधील ब्लॉक खाली पाठवला की त्या जागी प्रोजेक्टमधील जुने आकडे बसतात आणि पाकिटे कच्ची राहू लागतात. नव्या संगणकाने पहिल्या जोडणीत केवळ वाचावे. सीपीयूत लिहिण्याचे काम साप्ताहिक सुट्टीसाठी राखून ठेवावे.

टीआयए पोर्टलच्या बाबतीत आवृत्ती तीच ठेवावी. वरच्या आवृत्तीत उघडण्यासाठी प्रोजेक्ट अपग्रेड करावा लागतो, आणि अपग्रेड झालेली प्रत खालच्या आवृत्तीत परत उघडत नाही. यंत्र पुरवणाऱ्याकडे जुनीच आवृत्ती असेल तर पुढच्या बिघाडात दोघांचीही अडचण होईल. एकाच संगणकावर दोन आवृत्त्या शेजारी शेजारी बसवता येतात, त्यामुळे घाईचे कारणच नाही.

नव्या संगणकात सीरियल पोर्ट नसेल, हे गृहीत धरावे. एस७-३०० च्या एमपीआय पोर्टसाठी (प्रोग्रॅमिंगच्या जोडणीसाठी) यूएसबी अडॅप्टर घ्यावा आणि ‘सेट पीजी/पीसी इंटरफेस’ या सेटिंगमध्ये तो निवडावा, वेग सामान्यतः १८७.५ केबीपीएस असतो.

प्रश्न : आमचे स्टेप ७ विंडोज ७ वरच चालते. नव्या संगणकावर आभासी संगणक (सॉफ्टवेअरने उभारलेला, स्वतंत्र विंडोज चालवणारा ‘व्हर्च्युअल मशीन’) तयार करून त्यात ते ठेवले तर चालेल का?
— एक वाचक, कांजूरमार्ग

उत्तर : चालते, आणि जुन्या यंत्रांसाठी मी तोच मार्ग सुचवेन. अडॅप्टर जोडल्यावर तो आभासी संगणकाच्या ताब्यात द्यावा लागतो, एवढे ध्यानात ठेवावे. बॅकअपसाठी आभासी संगणकाची प्रत काढण्यापूर्वी लायसन्स की पेन ड्राइव्हवर हलवावी. विंडोज ७ चे सुरक्षा अपडेट १४ जानेवारी २०२० रोजी थांबले असल्याने त्या आभासी संगणकाला इंटरनेट देऊ नये; यंत्रांच्या नेटवर्कपुरतीच त्याची जोडणी ठेवावी.