भीमाशंकरचं रान आणि भीमेचा उगम: सॉफ्टवेअरचे ओढे जागेवर का सापडत नाहीत?

तुम्ही उपग्रहाच्या रडारने मोजलेल्या, दर ३० मीटरच्या चौकटीला एकच उंची देणाऱ्या डेटावरून भीमाशंकर अभयारण्याचा नकाशा केलात, पण त्यातले ओढे प्रत्यक्षात जुळत नाहीत, म्हणून दुसरा डेटा कोणता घ्यावा असं विचारलंय. डेटा बदलून फरक थोडाच पडेल. दाट सदाहरित रानात रडारला जमिनीपेक्षा झाडांचे शेंडेच जास्त दिसतात, आणि कोकणाकडचा उभा कडा एवढ्या मोठ्या चौकटीत बोथट होतो.

खरी अडचण वेगळी आहे. सॉफ्टवेअर पाणी फक्त उतार बघून वाहवतं. सह्याद्रीत ते कुठे बाहेर पडायचं हे खडक ठरवतो. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचे थर इथे जवळजवळ आडवे, एकावर एक बसलेत. काही थरांच्या मध्ये लाल मातकट पट्टा असतो, भूगर्भवाले त्याला रेड बोल म्हणतात. वरच्या भेगाळ बेसाल्टातून, म्हणजे थिजलेल्या लाव्हाच्या काळ्या खडकातून, मुरलेलं पाणी त्या पट्ट्यावर अडतं, आडवं सरकतं आणि डोंगराच्या कुशीतून झऱ्याच्या रूपाने बाहेर येतं. म्हणून झरे पुष्कळदा एकाच उंचीवर ओळीने मिळतात. एक झरा नक्की झाला की तीच कंटूर (नकाशावरची समान उंचीची रेषा) धरून शेजारची घळ बघा, थोडं खालीवर. हे काम मला फार आवडतं.

सोबत सर्व्हे ऑफ इंडियाचं १:५०,००० चं ४७ ई/१२ क्रमांकाचं नकाशाचं शीट ठेवा. कोकणाकडची उतरण शेजारच्या ४७ ई/८ वर जाते. या शीटांवर निळी रेघ बारमाही पाण्याची, काळी पावसाळी ओढ्याची. पडताळणी एप्रिल-मेमध्येच करा आणि प्रत्येक नोंदीला महिना लिहा, कारण ओहोळ जिथे सुरू होतो ती जागा पावसाळ्यात वर चढते, उन्हाळ्यात खाली उतरते. वैशाखापर्यंत कुठलं पाणी टिकतं हे महादेव कोळ्यांच्या वाड्यांतल्या जाणत्यांना विचारा. कड्यांची, नाळांची नावं ते सांगतील तशीच लिहा, शुद्ध करू नका.

मोबाइलची उंची तपासून घ्या. जीपीएस उंची पृथ्वीच्या गणिती आकारापासून मोजतं, आणि काही ॲप ती समुद्रसपाटीपासूनच्या उंचीत बदलत नाहीत, मग आपल्या भागात आकडा ६० मीटरहून जास्त कमी येतो.

वनखात्याची लेखी परवानगी आधी काढा, ड्रोन तर त्याशिवाय नकोच. आणि उन्हाळी पाणवठ्यांचे नेमके बिंदू नकाशासोबत जाहीर टाकू नका. शेकरू, भेकर, बिबट्या त्याच पाण्यावर येतात आणि शिकारीही तेच शोधतात. ते बिंदू वनखात्याला द्या.