वाघोबाला पूजणारे लोक बिबट्यांचे रक्षण करतात, हे कितपत खरे आहे?

आपण असे विचारले आहे की, ठाणे-पालघर भागातील वारली वाघोबाला देव मानतात म्हणून तेथे बिबटे टिकून राहिले, असे वारंवार वाचायला मिळते. त्यात तथ्य किती, ही नुसती श्रद्धा समजायची की निसर्गाचे ज्ञान, आणि वनविभागाने या श्रद्धेचा उपयोग करून घ्यावा का? मी जव्हार तालुक्यात बरीच वर्षे शिक्षक होतो आणि पाड्यांवर माझे नित्य जाणे-येणे असे. त्या ओळखीच्या आणि या विषयावरील वाचनाच्या आधारे लिहीत आहे. मी स्वतः वारली नाही, हे वाचताना लक्षात असू द्यावे.

प्रथम एक गैरसमज दूर करायला हवा. देव मानणे म्हणजे लळा असणे नव्हे. शहरातील प्राणिप्रेमी माणूस बिबट्याच्या छायाचित्राकडे ज्या कौतुकाने पाहतो, ते कौतुक मला पाड्यावर कधी आढळले नाही. तेथे वाघोबाचा धाक असतो, मान असतो, आणि कोंबड्या-शेळ्या नेल्या तर त्याला मनसोक्त शिव्याही बसतात. त्याचे ठाणे, म्हणजे पूजेची जागा, बहुधा शिवेवर, एखाद्या जुन्या झाडाखाली किंवा खिंडीच्या तोंडाशी असते. लाकडाची उभी फळी किंवा दगडाची शिळा, तिच्यावर कोरलेला वाघ, वर चंद्र आणि सूर्य, आणि वर्षानुवर्षे चढत गेलेल्या शेंदराच्या पुटांमुळे वाघाचे पाय किती आणि शेपूट कोणते, हे बोटाने चाचपूनच कळावे, अशी त्याची अवस्था असते. पालघर-मनोर रस्त्यावरील वाघोबा खिंडीत तर ज्यांचा वारल्यांशी काही संबंध नाही असे वाहनचालकही हात जोडून पुढे जातात. वाघोबा म्हणताना पट्टेरी वाघ आणि बिबट्या असा भेद केला जात नाही, दोघेही वाघच.

वाघोबाचा सण म्हणजे वाघबारस. ती साधारणपणे आश्विन वद्य द्वादशीच्या सुमारास येते, म्हणजे बाकीचा महाराष्ट्र वसुबारशीला गाय-वासराची पूजा करतो, त्याच दिवसांत येथे गाय-वासरू खाणाऱ्याची पूजा होते. (मला स्वतःला यात विसंगती वाटत नाही, गुरे राखणाऱ्याला दोघांचीही दखल घ्यावीच लागते.) भगत विधी करतो, नारळ फुटतो, कोंबडी आणि ऐपतीप्रमाणे बकरा दिला जातो. या सणामागील कथेची रूपे पाड्यागणिक बदलतात, पण तिचा गाभा असा की, वाघोबा हा एका बाईच्याच पोटी जन्मलेला. त्याची भूक आवरेना, तो गावाची जनावरे खाऊ लागला, तेव्हा गाव त्याच्या जिवावर उठले. अखेर असे ठरले की त्याने रानात राहावे, माणसांना त्रास देऊ नये, आणि गावाने वर्षातून एकदा सर्वांच्या वतीने त्याचे पोट भरावे.

माझ्या मते आपल्या प्रश्नाचे उत्तर या कथेतच आहे. ती करुणेची कथा नसून कराराची आहे. करार म्हटला की दोन्ही बाजूंना अटी आल्या, आणि मोडल्यास कोणाची चूक हा प्रश्नही आला. एखाद्या रात्री शेळी गेली की पाड्यावरील वडीलधारी माणसे आधी विचारतात की यंदा वाघोबाचे देणे राहिले होते का, शेळ्या आत घ्यायला उशीर कोणी केला, कुडाला भगदाड पडलेले असताना ते बुजवले का नाही. नुकसान झालेच, राग आलाच, पण तो राग थेट त्या जनावराच्या जिवावर न जाता वाटेत अनेक ठिकाणी अडतो. वन्यजीव संशोधक रम्या नायर, विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबई उपनगर, ठाणे आणि पालघर या जिल्ह्यांतील दीडशेहून अधिक वाघोबांच्या ठाण्यांची नोंद करून 2021 मध्ये जो अभ्यास प्रसिद्ध केला, त्याचाही सूर असाच आहे: या श्रद्धेने नुकसान थांबत नाही, मात्र नुकसान सोसण्याची आणि त्यातून वाट काढण्याची एक सामाजिक चौकट मिळते.

आता ज्ञानाविषयी. वाघोबाच्या ठाण्यापाशी ते आपणास सापडणार नाही. ते दिवेलागणीच्या सवयींत असते. कारवीच्या काड्यांचा कूड शेणमातीने लिंपून त्याच्या आत, माणसे झोपतात त्याच छपराखाली शेळ्या घेणे. रात्री वाटेने जाताना मोठ्याने बोलत किंवा मोबाइलवर गाणे लावून जाणे. अंधारात पोराला एकटे पाठवायचे नाही आणि उघड्यावर एकट्याने बसायचे नाही, कारण बसलेला माणूस बिबट्याच्या नजरेला माणसाच्या उंचीचा दिसत नाही. माझ्या वर्गातील सातवीच्या एका मुलाने मला कुत्र्यांबद्दल सांगितले होते ते अजून लक्षात आहे. अनोळखी माणूस आला तर कुत्री पुढे धावून भुंकतात, रानडुक्कर आले तर लांबून, एका जागी उभी राहून भुंकतात, आणि वाघ जवळ आला तर अचानक गप्प होऊन, शेपूट पायांत घालून घरात शिरू पाहतात, “तेव्हा गुरुजी, दार उघडायचं नाही, आधी आतूनच आरडाओरडा करायचा.” हे त्याला कोणी पाठ्यपुस्तकातून शिकवले नव्हते. या सवयींना वाघोबाचा आधार आहे का? काहींना आहे, काहींना मुळीच नाही. श्रद्धा एका कप्प्यात आणि ज्ञान दुसऱ्या कप्प्यात, अशी वाटणी ज्यांच्याविषयी आपण बोलत आहोत ते लोक स्वतः करत नाहीत, आणि ती त्यांच्यावर लादून फारसे हाती लागत नाही.

तरीही आधुनिक परिस्थितिकी जे सांगते त्याच्याशी हा करार एका ठिकाणी विलक्षण जुळतो, आणि ते ठिकाण म्हणजे बिबट्याचे पिढ्यान्‌पिढ्या तेथेच असणे गृहीत धरणे. अहिल्यानगर (पूर्वीच्या नगर) जिल्ह्यातील अकोले तालुक्यात, जेथे जंगल नसून ऊस आणि वस्ती आहे, आणि जेथे दर चौरस किलोमीटरला तीनशेहून अधिक माणसे राहतात, तेथे विद्या अत्रेय यांच्या अभ्यासात दर 100 चौरस किलोमीटरमागे सुमारे 5 प्रौढ बिबटे आढळले. हा अभ्यास 2013 मध्ये प्रसिद्ध झाला. इतकी जनावरे माणसांच्या उशाशी राहत असताना माणसांवर हल्ले मात्र जवळपास होत नव्हते. याच्या उलट शेजारच्या जुन्नर भागात 2001 नंतर पिंजरे लावून बिबटे पकडण्याचा आणि ते दूरच्या जंगलात सोडण्याचा सपाटा लागला, तेव्हा वर्षाला सरासरी 4 असलेले हल्ले 17 वर गेले. पकडलेला बिबट्या नव्या जागी थांबत नाही. 2009 मध्ये टाकळी ढोकेश्वर येथे विहिरीत पडलेला, संशोधकांनी ‘आजोबा’ असे नाव दिलेला बिबट्या माग काढणारी कॉलर गळ्यात बांधून माळशेज घाटात सोडला, तर तो सुमारे 120 किलोमीटर चालून मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाकडे आला. शिवाय रिकाम्या झालेल्या हद्दीत दुसरा बिबट्या येतो. त्याला त्या शिवारातील माणसांचा वावर ठाऊक नसतो आणि माणसांना त्याची वाट ठाऊक नसते. पाड्यावर लोक ‘आपला वाघ’ आणि ‘बाहेरचा वाघ’ असा फरक करताना मी ऐकला आहे. पूर्वी मला ती बोलण्याची लकब वाटे. जुन्नरचे आकडे वाचल्यावर तीत अनुभव किती आहे ते समजले.

एवढे लिहूनही मी असे म्हणणार नाही की देवत्वामुळे प्राणी वाचतो. गोव्यात वाघाची पूजा जुनी आहे. सत्तरी, सांगे, काणकोण या भागांत वाघ्रो, वाघेश्वर अशा नावांनी त्याची स्थाने आहेत. त्याच सत्तरी तालुक्यात, म्हादई अभयारण्यातील गोळावली येथे, जानेवारी 2020 मध्ये एक वाघीण आणि तिचे तीन बछडे मेलेले सापडले. त्यांनी मारलेल्या जनावराच्या कलेवरात विष घातले गेले होते. देव तोच होता, पण करार टिकण्यासाठी जे लागते ते उरले नव्हते: ज्याच्या गोठ्यातील दुभते जनावर गेले त्याला वेळेवर भरपाई, आणि ज्या रानात तो पिढ्यान्‌पिढ्या राहतो तेथे उद्या राहू दिले जाईल याची शाश्वती. दुसऱ्या टोकाला मुंबईतील आरे आहे. तेथील पाड्यांवर वाघोबा आहे, सवयीही आहेत. परंतु पाड्यांच्या भोवती वस्ती आणि बांधकामे वाढली, कचरा साचला, कचऱ्यावर कुत्री वाढली आणि कुत्र्यांमागे बिबट्या आला. संजय गांधी उद्यान आणि आरे मिळून 2015 च्या गणनेत 35 बिबटे मोजले गेले होते आणि त्यांच्या आहाराचा जवळपास चौथा हिस्सा कुत्र्यांचा होता. अशा ठिकाणी जेव्हा मूल दगावते, तेव्हा वाघोबाला कोंबडी कमी पडली होती का, असे विचारणे मला क्रूर वाटते, आणि पाड्यावरील लोकही तसे विचारत नाहीत. ते रस्त्यावरील दिव्याविषयी आणि शौचालयाविषयी विचारतात.

आपल्या शेवटच्या प्रश्नाला, म्हणजे वनविभागाने या श्रद्धेचा उपयोग करून घ्यावा का याला, माझे उत्तर नकारार्थी आहे. वाघबारशीला अधिकाऱ्यांनी यावे, प्रसाद घ्यावा, चार शब्द ऐकावेत. त्यात वावगे काहीच नाही. पण फलकावर वाघोबाचे चित्र रंगवून खाली ‘बिबट्या वाचवा’ लिहिले की करारातील एका बाजूच्या अटी तेवढ्या उचलल्यासारखे होते. वारल्यांचा वाघोबा फक्त माणसांना संयम शिकवत नाही. तो स्वतःही बांधील असतो. आज रानाची मालकी वनविभागाकडे आहे आणि 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने बिबट्याच्या जिवाचा निर्णयही त्याच्याकडेच आहे, म्हणून वाघोबाची बांधिलकी व्यवहारात त्याच्याकडे जाते. शेळी गेल्याचे कळवल्यावर वनरक्षकाने लगेच येऊन पंचनामा करावा, पाड्याजवळच्या वाटेवर दिवा असावा, रात्री बाहेर जावे लागणार नाही असे पाण्यासह चालणारे शौचालय असावे, बिबट्या नुसता दिसला म्हणून पिंजरा लावू नये, आणि 2006 च्या वनहक्क कायद्याखालील, रानावरच्या हक्काचे लोकांचे दावे वर्षानुवर्षे कपाटात पडू नयेत. यांपैकी पिंजऱ्याबाबत पुष्कळ अधिकारी आता सुज्ञपणे वागतात, हेही नमूद करतो. दाव्यांबाबत तसे म्हणण्याजोगी परिस्थिती मी ज्या पाड्यांवर जात असे तेथे तरी नव्हती.