जुना पॅचर सोडून ओपनकोअरवर येताय? आधी हे वाच

मित्रा, पॅचर (ॲपलने सपोर्ट बंद केलेल्या जुन्या मॅकवर नवं मॅकओएस चालवायचं टूल) बदलतोयस ते चांगलंच आहे, पण जुन्या पॅचरने बसवलेल्या मॅकओएसवर ओपनकोअर लेगसी पॅचर नुसता चढवू नकोस. जुने पॅचर सिस्टिमच्या फाईलींमध्येच बदल करून ठेवायचे, आणि ते बदल तसेच पडून राहिले की नंतर कुठे काय अडतंय ते शोधता शोधता जीव जातो. मी तसंच केलं होतं, दोन रात्री वाया गेल्या. म्हणून टाईम मशीनवर बॅकअप घे, तो उघडतोय ना ते बघ, आणि मग डिस्क पुसून क्लीन इन्स्टॉल कर.

ओपनकोअर, म्हणजे या पॅचरचा मॅकओएस सुरू करून देणारा भाग, ईएफआय पार्टिशनवरून (डिस्कवरचा बूटसाठीचा छोटा वेगळा कप्पा) बूट होतं, म्हणून सुरू करताना ऑप्शन की दाबून आधी ईएफआय बूट निवडायचं आणि मग मॅकओएस. पहिल्यांदा हे पेनड्राईव्हवरून होतं, म्हणून इन्स्टॉल झाल्यावर ओपनकोअर आतल्या डिस्कवरही टाक, नाहीतर पेनड्राईव्ह काढला की मशीन उठणारच नाही, नवीन लोक हमखास इथेच अडकतात. मग पॅचरमधूनच पोस्ट-इन्स्टॉल रूट पॅच मारायचा (नव्या मॅकओएसमधून काढलेले जुन्या हार्डवेअरचे ड्रायव्हर तो परत बसवतो), त्याशिवाय जुन्या मॉडेलमध्ये ग्राफिक्स अडखळतं, विंडो हलवली तरी चित्र मागून येतं, कधी वायफायही दिसत नाही. अपडेट सिस्टिम सेटिंग्जमधूनच येतात पण प्रत्येक अपडेटनंतर रूट पॅच परत मारावा लागतो.

आणि ग्राफिक्स कार्ड मेटलवालं (ॲपलची मेटल ही ग्राफिक्स यंत्रणा चालवणारं) नसेल, म्हणजे साधारण २०१२ च्या आधीचं मशीन असेल, तर सगळ्यात नव्या व्हर्जनच्या मागे लागू नकोस. मॉडेल नंबर सांग, मग बघू कुठलं बसवायचं.