अमेरिकेच्या कॅन्सस राज्यातील निकोडेमस हे गाव कोणी वसवले आणि ते ओस का पडले?

गुलामगिरीतून मुक्त झालेल्या कृष्णवर्णीय कुटुंबांनी, प्रामुख्याने केंटकीहून येऊन, १८७७ मध्ये हे गाव वसवले. त्या गवताळ माळरानावर लाकूड इतके दुर्मीळ होते की पहिली घरे जमिनीत खोदावी लागली; १८७८ मध्ये तेथे पोहोचलेल्या विलियाना हिकमन यांना जमिनीतून वर येणारा धूर तेवढा दिसला आणि त्यांना रडू कोसळले. तरीही ही माणसे टिकून राहिली, त्यांनी शेती केली, चर्च आणि शाळा उभारली, हे मला फार मोलाचे वाटते. मात्र १८८८ मध्ये रेल्वेमार्ग गावाला वगळून सॉलोमन नदीच्या पलीकडून गेला, व्यापारी त्याच्यामागे निघून गेले आणि गावाची वाढ खुंटली. आज तेथे मोजकेच रहिवासी आहेत, पण दर जुलैअखेरीस वंशज मुक्तिदिनाच्या उत्सवासाठी गावी परततात.